एकशे बारावं पान

पदवी देणाऱ्या आमच्या परिषदेतल्या कुठल्याही सभासदाच्या हातात नवा प्रबंध द्या, तो मागूनच उघडणार. प्रस्तावना नाही, निष्कर्ष नाही, थेट शेवटची संदर्भसूची. आपलं नाव आहे का, किती वेळा आहे, आणि शेजारी बसलेल्याचं आपल्यापेक्षा जास्त वेळा तर नाही ना. एवढं बघून झालं की मग चष्मा पुसायचा आणि विज्ञानाकडे वळायचं. मी या परिषदेची सचिव, वर्षानुवर्षं हेच बघत आलेय, आता मला त्याचा रागही येत नाही. उमेदवार आला की मीच त्याला सांगते, बाबा रे, बाकी सगळं नंतर, आधी सूचीत सगळे आलेत का बघ.

आमची उमेदवार नुरिपा, हिच्या व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी मी माझ्या खोलीत चहा घेता घेता तेच बघत होते. तिचा प्रबंध बांधून, शिक्के मारून कधीचाच सगळ्यांकडे पोचला होता, आता त्यात काडीचा बदल करता येणार नव्हता. नावं सगळी होती. सत्तावन्न नंबरवर सगिनबाय आगायही होते, आगाय म्हणजे आमच्याकडे गुरुजी. ते असणारच. किर्गिझस्तानात कुरणांवर लिहायचं आणि सगिनबाय आगायांना वगळायचं, एवढी कुणाची छाती आहे? आमच्या अर्ध्या परिषदेला त्यांनीच शिकवलंय, मलासुद्धा.

मग माझी नजर त्या ओळीच्या शेवटाकडे गेली आणि चहाचा कप मी खाली ठेवला.

आमच्याकडे सोव्हिएत काळापासूनची रीत आहे. माणूस प्रबंध लिहितो, तो असतो विटेएवढा जाड. त्याच्यासोबत एक सारांश-पुस्तिका काढायची, पातळ, वीस-पंचवीस पानांची. लेखक तोच, नाव तेच, साल तेच. प्रबंध जातो कपाटात. पुस्तिका जाते गावभर. प्रबंध कुणी वाचत नाही, पुस्तिका सगळे वाचतात. आणि नुरिपाच्या सूचीत सत्तावन्न नंबरवर लिहिलं होतं: सारांश-पुस्तिका, बिश्केक त्या काळी फ्रुंझे होतं म्हणून फ्रुंझे, एकूण पानं चोवीस.

आत मजकुरात मात्र तिने ठिकठिकाणी हवाला दिला होता: सत्तावन्न, पान अठ्ठ्याऐंशी. सत्तावन्न, पान एकशे बारा.

चोवीस पानांच्या पुस्तिकेचं एकशे बारावं पान. मी डोक्याला हात लावला.

नुरिपा दालनात स्लाइड लावून बघत होती. तिला बोलावलं. चाळिशी ओलांडलेली बाई, पण त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घालून शाळेतल्या पोरीसारखी दारात उभी राहिली.

"काय झालं, एजे?" आमच्याकडे बाईंना एजे म्हणतात.

"दार लाव. बस. ही सत्तावन्नची ओळ वाच."

तिने वाचली. "सगिनबाय आगायांचा प्रबंध."

"प्रबंध कुठाय? नीट वाच. पुस्तिका आहे ती. पानं किती? आणि तू आत पान कुठलं दिलंयस?"

तिने पुन्हा वाचलं.

"मी प्रबंधच वाचलाय, एजे. मॉस्कोत जमा असलेले जुने प्रबंध आपल्या ग्रंथालयात त्या बंद खोलीत पडद्यावर दाखवतात ना, तिथे बसून. दोन्ही नोंदी घेतल्या होत्या मी, प्रबंधाचीही आणि पुस्तिकेचीही."

"मग प्रबंधाची गेली कुठे?"

तिने वरच्या-खालच्या ओळी बघितल्या. मग सावकाश म्हणाली, "सॉफ्टवेअरने खाल्ली."

"सॉफ्टवेअर काय मेंढी आहे खायला? नीट सांग."

तिने सांगितलं. आधी ती संदर्भ हातानेच टंकायची. मग कुणीतरी म्हणालं, अगं, आता असं कोण करतं? तेव्हा तिने ते संदर्भांचं सॉफ्टवेअर घेतलं. परदेशी जर्नलांच्या साठ्यातून, आपल्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून नोंदींच्या फायली उतरवल्या आणि एकापाठोपाठ एक त्यात ओतल्या. तेच लेख चार-चार ठिकाणांहून आलेले, यादी फुगून दुप्पट झाली. सॉफ्टवेअर म्हणालं, या नोंदी दुबार दिसतात, एकत्र करू का? तिने पहिल्या पंधरा-वीस जोड्या डोळ्यांत तेल घालून तपासल्या. सगळ्या खरंच दुबार. मग कंटाळून म्हणाली, कर बाबा सगळ्या.

"आणि आगायांच्या दोन्ही नोंदींत," ती म्हणाली, "लेखक तोच, नाव तेच, साल तेच."

मजकुरात जिथे जिथे तिने आगायांच्या प्रबंधाचा हवाला दिला होता, तिथे तो हवाला गुपचूप पुस्तिकेकडे वळला होता. तिने दिलेले पानांचे आकडे मात्र जिथल्या तिथे राहिले. परदेशात ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं त्यांना काय माहीत, की इथे एकाच माणसाच्या एकाच नावाच्या दोन वस्तू असतात म्हणून.

एरवी ही चूक हसण्यावारी गेली असती. पण महिनाभरापूर्वी शेजारच्या एका परिषदेत एक पठ्ठ्या पकडला गेला होता. त्याने प्रबंध मशीनकडून लिहून घेतला आणि मशीनने त्याला अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची अस्तित्वात नसलेली पानं दिली. त्याची पदवी गेली, नाव जाहीर झालं, घरचे तोंड लपवून हिंडतात म्हणे. तेव्हापासून सगळ्या परिषदा आपापल्या उमेदवारांकडे चोर म्हणूनच बघत होत्या. चोवीस पानांच्या पुस्तिकेचं एकशे बारावं पान म्हणजे तर हातात बेड्या घालून घेतल्यासारखंच.

"अध्यक्षांना सांगू या? दुरुस्तीची चिठ्ठी जोडू या का?" नुरिपाने विचारलं.

"मेलिसला? तो सावलीला घाबरतो. लगेच म्हणेल, पुढे ढकला. आणि पुढे आहे काय?"

पुढे काही नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. आमच्या परिषदेची मुदत महिनाअखेरीस संपत होती. कुरणांवरची दुसरी परिषद देशात नाही, आणि नवी कधी नेमतील ते वरच्यांनाच माहीत. नारिनला ती जिथे शिकवते त्या विद्यापीठाने तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, सप्टेंबरपर्यंत पदवी आण, नाहीतर वर्गात उभं राहू नकोस. तेव्हा आजचा दिवस गेला की सगळंच गेलं.

"मग मी आगायांनाच आधी जाऊन सांगते. त्यांचीच नोंद आहे."

"खबरदार. तू कधी त्यांच्या पुढ्यात चूक कबूल केलीयस? मी केलीय. पुन्हा करणार नाही. गप्प बस. कुणाच्या लक्षात आलं तर खरं सांग, नाही आलं तर देवाची कृपा."

लक्षात येणार नाही, असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. म्हातारा मागूनच उघडणार होता.

दालन दुपारी भरलं. सगिनबाय आगाय सगळ्यांत शेवटी आले. पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेली, पाठ ताठ, डोक्यावर पांढरा कालपाक. सगळे उठून उभे राहिले. मेलिसने त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. हा आमचा अध्यक्ष. आईबापांनी मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टॅलिन अशा चौघांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव ठेवलं, पण चौघांपैकी एकाचंही धाडस त्याच्यात उतरलं नाही.

नुरिपा छान बोलली. कोक-जारच्या खोऱ्यातलं वसंतातलं कुरण, तिथे कुठलं गवत गेलं, कुठलं काटेरी झुडूप आलं, परत गवत आणायला काय करावं लागेल. पण मी तिच्याकडे कुठे बघत होते? मी म्हाताऱ्याच्या हातांकडे बघत होते. त्यांनी प्रबंध मागून उघडला. बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. मग त्यांनी पुढची पानं चाळायला सुरुवात केली, दर थोड्या वेळाने थांबत. तिचं भाषण संपेपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

प्रश्न सुरू झाले. दोघा-तिघांनी नेहमीचे प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली. मेलिस म्हणाला, "आणखी कुणाला काही?" आणि म्हाताऱ्याने बोट वर केलं.

"एक किरकोळ गोष्ट आहे. सूचीत सत्तावन्नवर तुम्ही माझं नाव घेतलंत, आभारी आहे. माझी ती पुस्तिका चोवीस पानांची. तेव्हा कागद मिळत नव्हता, मी स्वतः छापखान्यात खेटे घातले होते, म्हणून पक्कं आठवतं. तुम्ही तिचं एकशे बारावं पान वाचलंत, असं दिसतं. मलाही वाचायला आवडेल."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग पानं उलटल्याचा आवाज झाला, सगळेच ते पान शोधायला लागले. मग हसणं थांबलं.

"हल्ली मशीन असे संदर्भ फार छान बनवतं," खिडकीजवळचा एक सभासद कुणाचंही नाव न घेता म्हणाला.

मेलिसने माझ्याकडे बघितलं. मी इतिवृत्ताच्या कागदात डोकं खुपसलं.

नुरिपा म्हणाली, "आगाय, मी तुमचा प्रबंध वाचला आहे. संदर्भ सॉफ्टवेअरमध्ये घेतले तेव्हा प्रबंधाची आणि पुस्तिकेची नोंद एकत्र झाली. नाव आणि साल एकच असल्यामुळे."

"म्हणजे दोष मशीनचा."

"नाही, दोष माझा. मशीनने मला विचारलं होतं. मी न बघता हो म्हटलं."

हे उत्तर मला आवडलं. म्हाताऱ्याला आवडलं की नाही ते त्याच्या तोंडावरून कधीच कळत नाही.

"बरं. प्रबंध कुठे वाचलात?"

"इथेच, ग्रंथालयात. पडद्यावर."

"छायाप्रत?"

"काढू देत नाहीत, आगाय. हाताने उतरवून घ्यावं लागतं."

"मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? हाताने कुणीही काहीही उतरवतं. सोपं करू या. माझ्या प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावर काय आहे ते सांगा."

"तक्ता आहे. कोक-जारच्या वसंतातल्या कुरणाचा. हेक्टरी किती गवत, आणि किती मेंढ्या."

"तो तक्ता पुस्तिकेतही आहे. पुस्तिका इथल्या प्रत्येकाच्या घरी आहे. पानावर आणखी काय आहे?"

नुरिपा गप्प झाली.

मला वाटलं, शब्द जुळवतेय. पण ती जुळवत नव्हती. नुसती उभी होती, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून, आणि म्हाताऱ्याकडे बघत होती. एक-एक जण खुर्चीत सावरून बसायला लागला. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं: हिने खरंच वाचलाय ना तो प्रबंध? की मलाही हिने सकाळी गोड बोलून गुंडाळलं? बोल ना गं बाई, मी मनातल्या मनात म्हणत होते, तोंडाला काय कुलूप लागलंय?

"उमेदवाराला उत्तर देता येत नसेल तर," मेलिसने सुरुवात केली, "मला वाटतं, आपण हे कामकाज..."

"देता येतं," नुरिपा म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, जणू दालनात ते दोघंच आहेत, "आगाय, तक्त्याखाली जे आहे ते इथे सांगू?"

म्हाताऱ्याने चष्मा काढला. "मी विचारलंय ना तुम्हाला?"

"सगळ्यांसमोर?"

"बोला."

तिने डोळे मिटले नाहीत की कागद बघितला नाही. "तक्त्याखाली लिहिलंय: ‘सध्या आहेत तेवढ्याच मेंढ्या इथे चरत राहिल्या तर वीस वर्षांत या कुरणावर गवत उरणार नाही. योजनेतला आकडा निम्मा करणं हाच एक उपाय आहे.’"

दालनात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कारण पुस्तिका खरोखरच आमच्या प्रत्येकाच्या घरी होती. तिच्यात त्याच तक्त्याखाली काय आहे ते आम्ही विद्यार्थी असताना घोकलं होतं: कुरणाची क्षमता पाहता मेंढ्यांची संख्या आणखी वाढवणं शक्य आहे. त्याच वाक्याच्या जोरावर कोक-जारला मेंढ्या वाढल्या. म्हाताऱ्याला पदक मिळालं, संस्था मिळाली. आणि कोक-जारचं काय झालं ते तर नुरिपा अर्धा तास पडद्यावर दाखवतच होती.

"मी कोक-जारची आहे," ती म्हणाली. "माझे वडील तिथल्याच मेंढ्यांच्या फार्मवर मेंढपाळ होते. ते पान मी विसरू शकत नाही."

म्हाताऱ्याने चष्मा पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हा उठून जाणार, आणि याच्यामागून अर्धी परिषद जाणार. मतं मोजायला माणसंही उरायची नाहीत.

"शब्द न् शब्द बरोबर आहे," ते म्हणाले. "माझे मार्गदर्शक म्हणाले होते, प्रबंध तीन माणसं वाचतील, तिथे राहू दे. पुस्तिका मंत्रालयात जाते, तिथे नको. मी तिथून ते काढून टाकलं. इतक्या वर्षांत मला त्या पानाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, ते कुणी उघडलंच नाही." मग माझ्याकडे वळून, "कालीमान, इतिवृत्तात लिहा. प्रबंध आणि पुस्तिका या दोन वेगळ्या वस्तू आहेत. उमेदवाराने प्रबंध वाचला आहे."

मी लिहिलं.

मतदान गुप्त असतं. चिठ्ठ्या मोजून आल्या. मेलिसने निकाल वाचला: एक विरुद्ध, बाकी सगळे बाजूने. पदवी मिळाली होती. टाळ्या झाल्या, नुरिपाच्या बहिणींनी तिला मिठ्या मारल्या, फुलं आली. पण त्या टाळ्यांतही प्रत्येकाची नजर एकदा म्हाताऱ्याकडे जाऊन आली. ते एक मत कुणाचं, हे सांगायला काय ज्योतिषी लागतो? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळ्यांसमोर मोठेपणाचा आव आणायचा, आणि चिठ्ठीवर मात्र सूड घ्यायचा.

संध्याकाळी जेवण होतं, रीतीप्रमाणे, नुरिपाकडून. बेशबर्माकच्या, म्हणजे मांस आणि शेवयांच्या मोठाल्या परातींतून वाफ येत होती. सगळ्यांत वडील माणसाला मानाचं हाड वाढायचं असतं, ते काम माझ्याकडे आलं. वाढलं मी. पण ताटात ठेवलं ते आदळूनच, आणि त्यांना ते कळलं.

पहिला शब्दही वडील माणसाचा. सगिनबाय आगाय पेला घेऊन उठले.

"प्रबंध चांगला आहे," ते म्हणाले. "कोक-जारवर याहून चांगलं काम झालेलं नाही, माझं धरून. आणि विरुद्धचं मत माझं आहे. गुप्त असतं म्हणून लपवणार नाही, या वयात लपवून काय करायचंय?"

मेलिसने घाईघाईने पाणी प्यायला सुरुवात केली.

"नुरिपा, तू एकशे बाराव्या पानावरचा तक्ता घेतलास. त्याखालचं वाक्य घेतलं नाहीस. सबंध प्रबंधात ते कुठेच नाही, मी आज शोधलं. तुझ्या सगळ्या कामाला त्याच्यापेक्षा मोठा आधार नव्हता. मग का सोडलंस?"

नुरिपा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुमचा मान राखायला, आगाय."

"मान," म्हातारा म्हणाला. "मीही तसंच एक वाक्य सोडलं होतं. पण तेव्हा मला भ्यायला अख्खं सरकार होतं, पोरी. तू कुणाला भ्यालीस?"

मला वाटलं, ती खाली बघेल. तिने बघितलं नाही.

"तुम्हाला, आगाय," ती म्हणाली.

आगायांनी पेला न पिताच टेबलावर ठेवला आणि ते खाली बसले. त्यांच्यानंतर बोलायची पाळी माझी होती. मी उभी राहिले, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला सकाळचं माझंच वाक्य आठवलं: गप्प बस.